पायथ्याच्या नळापाशी काढणे

४ ऑक्टोबर

काका, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुम्हाला ओळखू येणार नाही. मी तुमची पुतणी. शेवटचं आपण आईच्या वेळी भेटलो, सहा वर्षांपूर्वी. भेटलो म्हणजे तुम्ही फाटकाशी उभे राहिलात, मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर येईपर्यंत तुम्ही निघून गेला होता. पंपाच्या खोलीत वीस-बावीस वर्षं काढून तुमचे कान गेले, फोन उचलत नाही, असं आत्या म्हणाली. म्हणून पत्र.

काम आहे म्हणूनच लिहितेय, उगाच आडवळणानं सांगत नाही. बाबांचे डोळे गेल्यात जमा आहेत. उजव्यानं काहीच दिसत नाही, डाव्यानं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. नऊ डिसेंबरला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, जमलं तर आहे तेवढं राहील, नाही जमलं तर तेही जाईल. बाबांचं एकच म्हणणं आहे, त्याआधी एकदा खिंड ओलांडायची, आणि तीही आपल्या जुन्या गाडीतून, बकरीतूनच. बसनं नाही, माझ्या छोट्या गाडीतून नाही. का, ते सांगत नाहीत. तुम्हाला त्यांचा हट्ट माहीत आहे.

बकरी अजून आहे, काका. तोच हिरवा रंग, आता बराचसा गंजाखाली. सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होते. सपाटीवर ठीक. गिरणीमागचा चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो, मग ठसकायला लागते आणि बंद पडते. अर्धापाऊण तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. गॅरेजवाल्यानं दोनदा पाहिली. आता म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहितेय तेही नाही.

काय करू?

तुमची पुतणी

११ ऑक्टोबर

दहा-अकरा,

मला अहो-जाहो कधीपासून? कुठलाही पाना मागितला तरी दहा-अकराचाच आणून हातात ठेवणारी पोर तू. तुला मी फ्रॉकला ग्रीस पुसताना पाहिलंय. नीट 'तू' म्हण.

पहिली गोष्ट, मी पाना खाली ठेवला त्याला बावीस वर्षं झाली. का ठेवला ते तुला अर्धंमुर्धं माहीत असेल, तर पुरतं सांगतो. तुझी आजी इथं, खिंडीच्या या बाजूच्या घरी होती. ती जाणार असा निरोप आला तेव्हा मी तुमच्याकडेच राहत होतो. मी आणि दादा बकरी घेऊन निघालो. मी चालवत होतो. खिंडीच्या अर्ध्या चढावर इंजिन उकळलं आणि बंद पडलं. तीन तास उशिरा पोचलो, आई गेली होती. आठवडाभर आधी मीच इंजिन खोलून बसवलं होतं. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्या हाताची गाडी होती, म्हणून उशीर झाला." मी काय बोलणार? खरंच माझ्या हाताची होती. मी इथंच राहिलो, पाणीपुरवठ्यात पंप चालवायची नोकरी धरली. तेव्हा सल्ला कोणाकडून घेतेयस याचा विचार कर.

विचार करून झाला असेल तर ऐक. गरम होणं आणि बंद पडणं ही दोन दुखणी असू शकतात. गॅरेजवाले दोन्हीला एकच औषध देतात आणि इंजिन उतरवतात. तू आधी बंद पडण्याचं बघ. पुढच्या वेळी बंद पडली की स्टार्टर मारत बसू नकोस. एका प्लगची वायर काढ, तिला सुटा प्लग लाव, तो प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेव. वायर जाड रबरानं धर, नाहीतर असा झटका बसेल की माझी आठवण निघेल. कोणाला तरी चावी फिरवायला सांग. ठिणगी निळी आणि चटकन आवाज करणारी असेल तर करंट ठीक, पेट्रोलकडे बघू. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कॉइलवर ओलं फडकं गुंडाळ. कॉइल म्हणजे ते उभं डबडं, जाड वायर डोक्यातून निघते ते. मी ती इंजिनपासून लांब, बाजूच्या पत्र्यावर बसवली होती. आता कुठं आहे ते कळव.

गरम होण्याचं : इंजिन तापलं की रेडिएटरचा वरचा पाइप आणि खालचा पाइप, दोन्हीला हात लावून बघ. झाकण मात्र तापलेलं असताना उघडायचं नाही. उघडलंस तर तोंड भाजेल, आणि तुझी आई वरून मला शिव्या देईल.

खिंडीच्या माथ्यावरची जमीन-मोजणीची झोपडी बघायची असेल दादाला. आम्ही दोघं तिथं तीन उन्हाळे राहिलो. तो दुर्बिणीतून बघायचा, मी काठी धरून उभा. मला तो "डावीकडे, डावीकडे" म्हणून पार कड्यापर्यंत न्यायचा.

काका

१९ ऑक्टोबर

काका,

तू म्हणतोस तर तू.

आधी कबुली. बाबांना कळलं. टेबलावर तुझं पाकीट होतं, त्यांनी भिंग लावून पत्ता वाचला. मला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार. तर म्हणाले, "अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायांचं आहे." आणि मग बराच वेळ पाकीट हातात धरून बसले. आतलं पत्र मात्र मागितलं नाही.

चावी फिरवायला तेच आले. गिरणीमागच्या चढावर बकरी बंद पडली. मी तू सांगितलेलं सगळं मांडलं, वायरीला भांडी घासायचा हातमोजा घालून धरलं. बाबा चालकाच्या जागी बसले, दोन्ही हात चाकावर. मी ओरडले, "फिरवा!" आणि काका, ठिणगी पिवळी. उन्हात दिसेना इतकी बारीक. ओलं फडकं गुंडाळलं, दहा मिनिटांत गाडी सुरू! मी रस्त्यात एकटी टाळ्या वाजवल्या. गिरणीवाली बाई बाहेर येऊन बघून गेली.

कॉइल इंजिनवरच बसवलेली होती, तापलेल्या लोखंडाला चिकटून. गॅरेजवाल्याचा प्रताप. नवी आणली आणि तुझ्या जुन्या भोकांत, पत्र्यावर बसवली. ती भोकं अजून आहेत. आता बकरी बंद पडत नाही.

पण तापते. काटा अजून लाल पट्टीत जातो. दोन्ही पाइप सारखेच गरम, म्हणजे पाणी फिरतंय ना? पंखा ठीक, पट्टा ताठ, रेडिएटर मी नळानं मागून धुतला, त्यातून अर्धा शेर मेलेले किडे निघाले. तरी तापतेच. वाचनालयात कामावर पुस्तकं देताना लोक माझी काळी नखं बघतात.

परतताना बाबा खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते, कुत्र्यासारखे. कडेकडेचं दिसतं ना, म्हणून आता ते सगळं तिरकं होऊन बघतात. म्हणाले, "इंजिनचा आवाज जड आहे. त्याला सांग." नाव घेतलं नाही, पण 'त्याला' म्हणाले.

दहा-अकरा

२५ ऑक्टोबर

दहा-अकरा,

आवाज जड आहे हे दादानं ओळखलं? मग त्याचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत.

पाणी फिरतंय, वारा मिळतोय, तरी तापतेय. म्हणजे दुखणं पाण्याचं नाही, करंटचंच आहे. ठिणगी योग्य वेळी पडली तर स्फोटाचा जोर पिस्टनला ढकलण्यात जातो. उशिरा पडली तर जोर वाया जातो आणि ती उष्णता इंजिनच्या अंगात मुरते. गाडी जड चालते, तापते, आणि सगळे रेडिएटरला दोष देतात.

गॅरेजवाल्याला विचार, मागच्या वर्षी पॉइंट, म्हणजे ठिणगी सोडणारी ती टोकं, बदलले का. बदललेच असणार, आणि ठिणगीचं टायमिंग त्यानं पुलीवरच्या कोरलेल्या खुणेवर लावलं असणार. त्या बिचाऱ्याची चूक नाही. ती पुली बकरीची नाहीच. मूळची फुटली तेव्हा दुसऱ्या इंजिनाची मी ठोकून बसवली, तिच्यावरची कोरीव खूण खोटी आहे. खरी जागा मी मोजून काढली आणि त्यावर खूण करायला रंग शोधत होतो. रंग नव्हता. वहिनी ओसरीत नखं रंगवत बसली होती. तिनं बाटली दिली आणि म्हणाली, "तुमच्या बकरीलाही सजवा." तेव्हा पुली रॉकेलनं घासून काढ. लाल खूण असेल. ती खरी.

पुढचं काम सोपं आहे. हँडलनं इंजिन हातानं फिरव, लाल खूण पुलीशेजारी इंजिनवर असलेल्या काट्यासमोर आण. डिस्ट्रिब्युटर म्हणजे सगळ्या प्लगच्या वायरी जिथून निघतात ते टोपडं; कॉइलच्या त्याच्याकडच्या टोकाला तपासणीचा छोटा दिवा जोड, दिव्याची दुसरी वायर लोखंडाला. चावी चालू. डिस्ट्रिब्युटरचा पट्टा ढिला करून तो अगदी हळू फिरव. दिवा पेटला तिथं थांब, पट्टा आवळ. आणि हो, या पट्ट्याला खरोखर दहा-अकराचाच पाना लागतो. आयुष्यात एकदा तुझं बरोबर ठरलं.

दिवा डाव्या सीटच्या पाठीमागच्या कॅनव्हासच्या खिशात असायला हवा. तो खिसा मीच शिवून घेतला होता.

काका

३ नोव्हेंबर

काका, काका, काका!

लाल खूण निघाली. तीन चिंध्या काळ्या झाल्या आणि मग एकदम लाल, अगदी तोच रंग, गडद, जरासा चॉकलेटी. मी पुलीपाशी गुडघे टेकून रडले, सांगायला लाज कसली. आई गेल्यावर तिचं सगळं सामान आम्ही वाटून टाकलं. साड्या गेल्या, चष्मा गेला, आणि तिच्या नखांचा रंग मात्र एवढी वर्षं ग्रीसखाली होता. बाबांचा हात धरून मी खुणेवर ठेवला. म्हणाले, "काही लागत नाही हाताला." मग बराच वेळ हात तिथून काढला नाही.

कोरीव खूण आणि लाल खूण यांत चांगलं बोटभर अंतर निघालं. सगळं तू सांगितलंस तसं केलं. दिवा पेटला, पट्टा आवळला, गिरणीचा चढ चढलो, तिथून पुढे गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. काटा मधे. हलला नाही! आवाज तर असा हलका की बाबा मागे टेकून हसत होते. अशी हसलेली मूर्ती मी आईनंतर पहिल्यांदा पाहिली. आता खिंड जमणार. सहा डिसेंबरचा रविवार ठरवतेय.

एक विचारायचं राहिलं. दिवा खिशात होता, पण खिशाच्या मागे, सीटच्या अस्तरात काहीतरी कडक लागलं. अस्तराला कोणीतरी जाड दोऱ्यानं टाके घातले होते. उसवलं तर आत एक मोठा पुठ्ठा, दुमडलेला. पाण्यानं फुगलेला, मधोमध रेडिएटरच्या जाळीचा ठसा उमटलेला. त्यावर तुझ्या कोंबडीच्या पायांनी लिहिलंय, "पायथ्याच्या नळापाशी काढणे." खाली साल आहे, बावीस वर्षांपूर्वीचं. हे काय आहे? बाबांना दाखवला. त्यांनी बोटांनी चाचपला आणि झोपतो म्हणाले. दुपारचे चार वाजले होते.

दहा-अकरा

८ नोव्हेंबर

दहा-अकरा,

गाडी झाली, बरं वाटलं.

पुठ्ठ्याचं विचारलंस म्हणून सांगतो. थंडीत बकरी लवकर तापायची नाही, म्हणून दर वर्षी मी एक पुठ्ठा कापायचो आणि जाळी नि रेडिएटर यांच्या मधे लावायचो. सपाटीवर तो हवाच. पण चढाला वारा अडला तर इंजिन उकळतं, म्हणून खिंडीच्या पायथ्याशी नळ आहे तिथं थांबायचं, आणि डाव्या सीटवरच्यानं उतरून तो काढायचा. हा नियम होता. थंडी संपली की पुठ्ठा शेगडीत जायचा. एकही कधी उरला नाही.

हा उरला. हा तुझी आजी गेली त्या थंडीतला आहे. त्या दिवशी मी चालवत होतो. डावीकडे कोण बसलं होतं, ते तुझ्या बाबांना विचार.

माझ्याकडून आता गाडीचं काही राहिलेलं नाही.

काका

१८ नोव्हेंबर

धाकट्या,

मुलीनं कागदाखाली पट्टी धरली आहे, तिच्या आधारानं ओळी लिहितो आहे. तिरक्या गेल्या तर हसू नकोस. मोजणीवाल्याच्या ओळी तिरक्या गेल्या याचं मलाच जास्त वाईट वाटतंय.

डावीकडे मी होतो. नळापाशी गाडी थांबली, मी उतरलो. पाणी प्यायलो, तोंड धुतलं, आईचाच विचार होता डोक्यात. पुन्हा येऊन बसलो आणि म्हणालो, "चल लवकर." पुठ्ठा तसाच राहिला. अर्ध्या चढावर उकळली, तू डबा घेऊन ओढ्याकडे पळालास. मी बॉनेट उघडलं, तो समोर. ओढून काढला आणि कोटात घातला. तू वर येईस्तोवर मी बटणंसुद्धा लावली होती.

सांगायला एक मिनिट लागलं असतं. तू शिवी दिली असतीस, आणि आपण दोघं पोचलो असतो. पण दारात पाऊल टाकलं तर आई गेलेली, आणि बहीण विचारायला लागली, एवढा उशीर का. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तू मान खाली घातलीस. तू उलटून बोलला असतास तर मी त्याच वेळी कोट उघडला असता, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मी उघडला नसता.

पुढं तू घरी परत आला नाहीस. पाना सोडल्याचं कळलं तेव्हा वाटलं, आता सांगू. मग वाटलं, आता फार उशीर झाला. दर वर्षी तेच. पुठ्ठा तीनदा शेगडीपाशी नेला. जाळला असता तर जगात त्याची खूण फक्त माझ्या डोक्यात उरली असती, आणि ते मला झेपलं नसतं. म्हणून सीटमध्ये शिवून टाकला. बायकोलाही सांगितलं नाही. तिनं विचारलं होतं, मोजणीवाल्यानं शिवायला कधी घेतलं म्हणून.

इतकी वर्षं मी बकरी विकली नाही, त्याचं कारण लोक काहीही सांगोत, खरं हे आहे.

मुलीनं तुझं टायमिंगचं पत्र मला वाचून दाखवलं. उष्णता अंगात मुरते म्हणालास ना, तिथं मी तिला थांबायला सांगितलं.

तुला वाटलं, मला माथ्यावरची झोपडी बघायची आहे. झोपडी नको मला. खिंड मी इंचाइंचानं मोजली आहे, डोळे मिटूनही दिसेल. मला तुझ्या दारात यायचं आहे. तुझं तोंड अजून कडेनं का होईना दिसतंय तोवर तुझी माफी मागायची आहे. नको म्हणालास तर येणार नाही. तसा तुझा हक्क आहे.

दादा

२७ नोव्हेंबर

काका,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टमन फाटकाशी आला की बाबा उभे राहतात. त्याच्या सायकलीचा आवाज त्यांना माझ्याआधी कळतो. मग मी "नाही" म्हणते आणि ते बसतात.

मला सगळं सांगितलं त्यांनी. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग मला आठवलं, तू गेलास त्या वर्षी मी अंगणात तुझी पान्यांची पेटी मांडून बसायचे आणि बाबा ती रोज गुपचूप आत नेऊन ठेवायचे. मला वाटायचं त्यांना तिचा राग आहे. परवा ती पेटी त्यांच्या कपाटात सापडली. सगळे पाने तेल लावून ठेवलेले, मापानुसार.

मी त्यांची बाजू घेत नाही. तू चिडलास तर बरोबरच आहे. फक्त सहा तारखेला आम्ही निघू की नको, एवढं एका ओळीत कळव. नको म्हणालास तर नळापासून परत फिरू.

तुझी दहा-अकरा

१ डिसेंबर

दादा, आणि दहा-अकरा, तू वाचून दाखव, आणि वगळू नकोस काही.

राग आला. आधी तो लिहितो. तुझं पत्र वाचून मी उठलो आणि पाणीपुरवठ्याच्या टाकीपर्यंत चालत गेलो, तिथून पुढं कुठं जायचं ते कळेना म्हणून परत आलो. बावीस वर्षं, दादा. बावीस वर्षं मी पंपाच्या खोलीत बसून मनातल्या मनात ते इंजिन खोलत होतो. गॅस्केट उलटं बसलं का? पाण्याचा पंप नीट आवळला का? एकेक बोल्ट मोजला. सगळे बोल्ट नीट होते रे. माझ्या हातात काही खोट नव्हती, हे मला साठी उलटल्यावर पोरीच्या पत्रातून कळलं. गॅरेज काढायचं होतं मला. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता. ते तू घेतलंस, आणि ते काही परत मिळणार नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

चार दिवस तू सकाळ-संध्याकाळ माझ्या शिव्या खाल्ल्यास. पाचव्या दिवशी एक गोष्ट आठवली. नळापाशी तू परत येऊन बसलास की मी दर वेळी विचारायचो, "काढलास का?" प्रत्येक वेळी. तू चिडायचास त्यावर, "मी काय पोर आहे का?" म्हणायचास. त्या दिवशी मी विचारलं नाही. मलाही आईचीच घाई होती. आणि काटा माझ्यासमोर होता, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. उशीर आपण दोघांनी मिळून केला. खोटं तू एकट्यानं बोललास.

आता तुझी मोजणी झाली आणि माझी झाली. माफी पत्रातून द्यायची वस्तू नाही, समोर ये, मग बघतो. कान गेलेत, तेव्हा माफी मोठ्यानं मागावी लागेल, शेजारपाजार ऐकेल. तयारी ठेव.

दहा-अकरा, सोबत एक पुठ्ठा गुंडाळून पाठवतोय. काल कापला. मापं घ्यावी लागली नाहीत, हातात होती अजून. यंदाचं साल घातलंय. थंडी आहे, सपाटीवर तो लागेल, जाळीमागे नीट बसव. सहा तारखेच्या सकाळच्या बसनं मी खिंड उतरून तुमच्या बाजूला येतोय. डावी सीट माझी. दादानं मागे बसावं, आणि पान्यांची पेटी मांडीवर घ्यावी.

नळापाशी थांब. पुठ्ठा काढायला उतरू नकोस, त्यालाही उतरू देऊ नकोस. मी तिथं उभा असेन.

काका